ओळीतली थोरली

—नाही गं, उठतेस कुठं, अर्धा भात तसाच आहे. बस. आधी खा. रिकाम्या पोटी माणसाला नाही नाही ते सुचतं. ही भाजलेली कोंबडी मी फाटकाजवळच्या काकूंकडून मुद्दाम आणलीय, त्यांना म्हटलं, माझ्या नोंगसाठी आहे, चांगला मांडीचा तुकडा द्या — आणि पपईच्या सॅलडमध्ये मिरच्या कमीच घाला, कारण आमची खिम दिसते अशी, पण तिखट तिला सोसत नाही. बघ, मला सगळं माहिती असतं तुझ्याबद्दल. थोरलीला असायलाच लागतं. आणि सारखी त्या इमारतीकडं काय बघतेस? कोणी काही बोलणार नाही तुला. हे बाकडं चौथ्या वर्षाचं, खरंय, पहिल्या वर्षाची पोरगी इथं एकटी टेकली असती तर पोरांच्या म्होरक्यानं, देननं, मैदानाच्या त्या टोकावरून हाक मारून उभी केली असती तिला. पण तू माझ्याबरोबर आहेस. पी वानची नोंग, थोरलीची धाकटी. मग चालतं.

तर काय म्हणत होते मी — हां. उद्या आचान रचनी तुम्हा पोरींना एकेकीला आत बोलावणार. सगळ्या कॉलेजला माहितीय ते. बाई नव्या आहेत ना, बँकॉकहून आल्यात, आल्या आल्या त्यांना चौकशी हवी. शनिवारी धरणावर जाऊन गिअर द्यायचा कार्यक्रम होऊ द्यायचा का नाही, पोरींवर जबरदस्ती होते का, असलं काहीबाही विचारणार. विचारू देत. ज्यांनी आयुष्यात कधी मैदानात उभं राहून ओरडा खाल्ला नाही, त्यांना काय कळणार गिअर म्हणजे काय ते — गळ्यात एवढासा पितळेचा तुकडा, पण तो नसेल तर तू यंत्र विभागाची नाहीसच, नुसती वर्गात बसणारी एक मुलगी. मी तुला एवढंच सांगायला बोलावलं, की घाबरू नकोस. मी येतेय ना तुझ्याबरोबर आत. तुला तोंडसुद्धा उघडायला लागणार नाही. तू बाजूला बसायचं, हात मांडीवर ठेवायचे, बास. — असं का बघतेस? माझी पद्धतच आहे ती. पहिल्या वर्षाच्या मुलीला कोणी काही विचारलं तर तिच्या ओळीतली थोरली उत्तर देते. तुझ्यासाठी मी काही आत्ता नवीन काढलेली नाही.

तुला आठवतं, खिम, तू पहिल्या आठवड्यात कशी हिंडत होतीस? गळ्यात ती पुठ्ठ्याची पाटी, क्रमांकाच्या शेवटी सदतीस. सगळ्यांना आपापली थोरली नाहीतर थोरला सापडत होता — दुसऱ्या वर्षातला सदतीस, तिसऱ्यातला सदतीस, सारखा आकडा म्हणजे एकच घर — आणि तू दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन विचारतेयस, पी, तुमच्यात सदतीस कोण? आणि वर्गात कोणी खिडकीबाहेर बघतंय, कोणी बुटाची नाडी बांधतंय. दाराशी उभी होतीस तू, हातात त्या दुधाच्या चहाचा पेला घेऊन, थोरलीला द्यायला आणलेला, बर्फ सगळा वितळलेला. मी बघितलं ते व्हरांड्यातून. तेव्हाच ठरवलं, हिला मी घेणार. म्हणजे नियमानं घ्यायला नको, मधे दोन वर्षं पडतात — पण तिसऱ्या वर्षातला आपला सदतीस पहिल्याच सत्रात पळाला, आता हॉटेल व्यवस्थापन शिकतोय, टॉवेलाचे हंस बनवतोय, आणि दुसऱ्या वर्षातली — तर असो. कोणी नव्हतं तुला. मी आले. तुझ्या हातातला तो कोमट पांचट चहा मी पिऊन टाकला सगळा, आणि तू रडायलाच लागलीस. वेडी.

आणि मी नुसती नावाची थोरली नाही झाले हं. दुसऱ्यांच्या थोरल्या काय करतात? वाढदिवसाला बिस्किटं. मी तुला कानस धरायला शिकवलं. वर्कशॉपमध्ये तो लोखंडाचा ठोकळा घासून घासून सपाट करायचा, तर शेजारचा तो लठ्ठ पोरगा — दे गं, मी करून देतो, तुझे हात खराब होतील — आणि तू देणार होतीस! दिलाच होतास जवळजवळ. मी मागून आले नसते तर आज तुझा ठोकळा त्याच्या नावावर आणि तू त्याची मिंधी. तळहाताला फोड आले तर येऊ देत, म्हटलं, फुटतील, पुन्हा येतील, मग कातडी घट्ट होईल. झाली का नाही? दाखव. — दाखव ना. बरं, नको दाखवूस. कॅल्क्युलसच्या पेपराआधी कोण बसलं तुझ्याबरोबर? ड्रॉईंगमध्ये तुझी पेन्सिल कोण तासून देत होतं? विभागात मुली किती, बोटांवर मोजाव्यात एवढ्या, आणि आधी त्यातल्या निम्म्या पहिल्या वर्षातच घरी जायच्या. मी हे सगळं सुरू केल्यापासून एकही गेली नाही. एकही नाही. डीननी स्टेजवर बोलावून सांगितलं, वाननं मुलींसाठी जे केलं ते अख्ख्या विद्यापीठानं शिकावं. माझी आई होती समोर. नवं रेशमी नेसून आली होती.

हं. एक गेली म्हणशील. ती गेली नाही. तो अपघात होता. अपघाताला गेली म्हणत नाहीत.

चोंपूच्या आईचा फोन आला होता मला, खिम.

खा, खा, हात का थांबवलास? मला राग नाही आलेला. उलट मला आवडलं, खरंच — अपघाताला वर्ष झालं म्हणून तू पुण्यकर्माला गेलीस, एवढ्या लांब, दोन बस बदलून, भिक्षूंना द्यायची दानाच्या वस्तूंनी भरलेली बादली घेऊन. तिच्या जागी आलेली पोरगी तिच्या नावानं दान करते, यापेक्षा आणखी काय हवं? फक्त मला सांगायचं होतंस. मी आले असते. मी दर महिन्याला जाते त्यांच्याकडं, लाँगान घेऊन, नाहीतर संत्री. मला लेक म्हणतात त्या. भोळी बाई आहे, माझ्यापासून काही लपवत नाही. म्हणाल्या, वान, तुझी धाकटी आली होती, किती गुणी पोर, जेवून गेली, मी तिला चोंपूचं सगळं सांगितलं. त्या दिवशी सकाळी बसमधून तिचा फोन आला होता, हसत होती, म्हणाली, आई, पी वाननं सगळ्यांसमोर सांगितलंय मला पोहता येतं म्हणून, आता मला पोहायला लागणार! — आणि आई मला सांगतेय, वान, बघ, तुझ्यावर किती जीव होता तिचा, शेवटचं बोलली ते तुझंच नाव. म्हणजे बघ, त्यांना त्यात काही वावगं दिसत नाही. आईला दिसत नाही. मग तुला का दिसावं?

नाही, थांब, मला बोलू दे. तुला माहिती नाही आधी कसं होतं ते. मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा विभागात आम्ही तीन मुली. मैदानावर ओळीत उभं करून ती पोरं अगदी नाकाला नाक लावून ओरडायची — तू इथं कशाला आलीस? नवरा शोधायला? इंजिनाचे भाग सांग! — आणि माझा आवाज बसला. म्हणजे बसला म्हणजे बसलाच, तोंड उघडतेय आणि आत काहीच नाही. सगळे हसतायत. माझ्या ओळीतला थोरला तिथंच उभा, तोही हसतोय. मग म्हणाले, पोरींना सावलीत पाठवा, बिचाऱ्यांना भाताची पाकिटं भरू देत. आणि आम्ही गेलो, खिम. झाडाखाली बसून भात भरला आम्ही, आणि पोरं चिखलात लोळून एकमेकांचे जन्माचे भाऊ झाली. पुढं चारही वर्षं तेच — प्रोजेक्टला घ्यायचं तर त्यांनाच, कारखान्यातल्या थोरल्यांची ओळख करून द्यायची तर त्यांनाच. आम्ही आपल्या भातवाल्या. तेव्हा मी दात-ओठ खाऊन ठरवलं, माझ्यानंतरच्या एकाही पोरीला मी सावलीत बसू देणार नाही. आणि एकाही पोरीला त्यांच्यासमोर एकटीनं बोलायला लावणार नाही. दुसऱ्या वर्षाला गेल्याबरोबर देनशी भांडून हे मिळवलं — पोरीला विचारायचं तर तिच्या थोरलीला विचारा. ती उत्तर देईल. पोरीनं फक्त थोरलीकडं बघायचं. किती सोपं झालं बघ सगळं. तुझ्यावर कोणी ओरडलं का कधी? नाही ना? मग?

आणि थोरलीनं नाही म्हणायचं नसतं. एवढं तर तुला कळत असेल. देन विचारतो, तुझ्या नोंगला जमेल? — जमेल! चालेल? — चालेल! एकदा नाही म्हटलं की संपलं, लगेच कोणीतरी मागून म्हणणारच, बघा, म्हटलं नव्हतं, पोरींना सावली लागते. मग एकीमुळं सगळ्या जणी झाडाखाली. म्हणून मी त्या दिवशी म्हटलं. त्याच्यात विचार करण्यासारखं काय होतं? सगळ्या बसेस उभ्या, सगळी पोरं बघतायत, देन यादी वाचतोय — सदतीस, पोहता येतं? — मी म्हटलं, येतं. झालं. छातीएवढ्या पाण्यात हातात हात घालून उभं राहायचं, गाणं म्हणायचं, त्याला काय पोहता यावं लागतं? मला माहितीच नव्हतं तिला येत नाही ते. ती कधी बोलली नव्हती. एवढी हसरी पोरगी, ती काय सांगणार — बसमध्ये मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाली, पी, मी गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेले नाही हं, आणि मी म्हटलं, गप, मी आहे ना. अगं, ते म्हणजे गमतीत म्हणाली ती. गमतीत. मुली बोलतात असं.

आणि मी काही तिथं जवळ नव्हते. ते मी पोलिसांनाही सांगितलंय. माझं डोकं दुखत होतं, मी बसमध्ये बसले होते. त्या वर्षी धरणाचं पाणी सोडून पुन्हा भरलेलं, तळाचा गाळ कुठं खचलाय कोणाला दिसतंय? रांग दोन पावलं मागं सरकली आणि तिच्या पायाखाली काही राहिलं नाही, एवढंच. पोरांना वाटलं ती खाली वाकून पाणी उडवतेय. सगळे गात होते ना, मोठ्यानं. ती दोनदा वर आली. ओरडली असती तर कोणीही उडी मारली असती, देन स्वतः कालव्यात वाढलेला पोरगा आहे. पण ओरडली नाही. तोंड उघडलंच नाही तिनं. नुसती माझ्याकडं बघत होती. शेजारच्या पोराकडं नाही, देनकडं नाही, माझ्याकडं — डोळे असे मोठे करून, की पी, सांग ना, सांग त्यांना — कारण बोलायचं नव्हतं ना तिला, मी बोलायचं होतं, तसं ठरलेलं होतं. शेवटपर्यंत नियम मोडला नाही पोरीनं. आणि मी तोंड उघडतेय, आणि —

बसमधून दिसतं. बस काठालाच होती. खिडकीतून सगळं दिसतं.

असं बघू नकोस माझ्याकडं.

बरं, ऐक, आता कामाचं बोलू. उद्या तू आत जाऊन चोंपूच्या आईनं काय सांगितलं ते बोललीस, तर काय होईल? चोंपू परत येईल? त्या बाईला आजवर वाटतंय की लेकीला कॉलेजात एक सख्खी बहीण मिळाली होती, ते तेवढं तू हिसकावून घेशील तिच्याकडून. आणि नंतर तू कुठं जाशील? वर्गात तुझ्याशेजारी कोण बसेल? मला नाही, त्यांना विचार. मी काही करणार नाही गं, मी कशाला करू, मी तर मार्चमध्ये चालले, समुद्राकाठच्या त्या मोटारीच्या कारखान्यात माझं नक्की झालंय. तुला मात्र अजून तीन वर्षं इथंच काढायचीत. लेथवर उभी असशील आणि चकची चावी हरवली की हिशेब तुझ्याकडंच मागतील. जोडीनं करायच्या प्रयोगाला जोडी नसेल. कोणी तुला शिवी देणार नाही, काही नाही. नुसतं बोलायचं थांबतील. त्या तुझ्या रूममधल्या मुलींशी मी आधीच बोललेय, त्यांना पटलंय सगळं. आणि पुढच्या वर्षी पाटी घालून जी येईल ना — कोवळी, भांबावलेली, सदतीसवाली — तिला कळेल की आपली थोरली ती, जिच्यामुळं मुली पुन्हा सावलीत गेल्या. वाळीत टाकणं म्हणजे काय ते माणसाला बाहेरून कळत नाही, खिम.

आणि शनिवारची काळजी करूच नकोस. मी तुझंही सांगून टाकलंय. परवाच. देननं विचारलं, या वर्षीच्या सदतीसला पोहता येतं ना — तो विचारतो हं आता, गेल्या वर्षीपासून दोनदा दोनदा विचारतो — मी म्हटलं, येतं. अगदी ठणकावून सांगितलं. मी स्वतः तुझ्या बाजूला उभी राहणार आहे या वेळी, बसमध्ये नाही बसणार. तुझा हात धरून. इतका घट्ट धरीन की —

येतं ना गं तुला?

खिम. येतं ना? मान हलव नुसती.

— हे काय, उठलीस का? कोण? कुठं? — अगंबाई. आचान. त्या इकडंच येतायत. नीट उभी राहा, हात जोड, ते तोंड पूस, भात लागलाय. त्या आत्ता कशा आल्या, चौकशी तर उद्या — खिम, तो फोन मघापासून मांडीवर उलटा का ठेवला होतास? तू बोलावलंस त्यांना? इथं? माझ्या बाकड्यावर? — गप. काही बोलू नकोस. मी बघते. माझ्या मागं उभी राहा.

नमस्कार आचान! बसा ना — हो, हीच खिम, माझी नोंग. जरा घाबरलीय, बाकी काही नाही, पहिलंच वर्ष... नाही आचान, तिचं काही म्हणणं नाही. मी विचारलं तिला सगळं. शनिवारी ती स्वतःच्या मर्जीनं येतेय, हो, पोहताही येतं, तशी काही — अं? नाही, तसं नाही, मी तिच्या वतीनं सांगतेय, आमच्याकडं तशी पद्धतच आहे आचान, मुलींच्या सोयीसाठी, डीननीसुद्धा स्टेजवरून... तिलाच? एकटीला? पण तिला बोलायची सवय नाही आचान, ती घाबरते, तिचा आवाज बसतो, मी नसले तर —

हो, आचान.

जाते. — खिम, मी काही लांब जात नाहीये, तिथं वर्कशॉपच्या दाराशी उभी आहे, तुला दिसेन अशी. बोलताना माझ्याकडं बघ, म्हणजे तुला — काय आचान? तिथंही नको?

... बरं.